ग्रिप टेपने आखलेला बूट: स्केटबोर्डिंगची पहिली जोडी कशी निवडावी

नवा बोर्ड, नवी चाकं आणि पायात रोजचे पळायचे बूट. बहुतेकांची सुरुवात अशीच होते. मग ऑली, म्हणजे बोर्ड पायाखाली ठेवूनच मारायची उडी, शिकायला लागलं की काही दिवसांतच पुढच्या पायाच्या बुटाला करंगळीपाशी भोक पडतं आणि घरात चर्चा सुरू होते की एवढा महागाचा बूट इतक्यात कसा फाटला. त्यात बुटाचा दोष नाही. तो पळण्यासाठी बनवला होता आणि आपण त्याला रोज खरखरीत कागदावर घासत होतो. बोर्डाच्या पाठीवर चिकटवलेली ग्रिप टेप सिलिकॉन कार्बाइडच्या कणांची असते. सुतार ज्या पॉलिश पेपरने लाकूड घासतो त्याच जातीची. पाय घसरू नये म्हणून ती लावतात आणि बुटाचा जीवही तीच घेते.

स्केट शूचं आजचं रूप या घासण्यातून घडलं आहे. जिथे बूट फाटत होता तिथे दुहेरी थर आला, जिथे शिवण उसवत होती तिथून शिवण हलली, जिथे लेस तुटत होती तिथे भोकं आत दडवली गेली. जाड जीभ, सपाट तळ, पुढचा बिनशिवणीचा भाग, सगळ्याला कारण आहे. म्हणून माझा आग्रह असा की दुकानात गेल्यावर रंग आणि ब्रँड नंतर बघा. आधी बूट हातात घेऊन स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा माझ्या पायात कुठे फाटेल? पुढचा सगळा लेख या एका प्रश्नाचं उत्तर शोधायला शिकवण्यासाठी आहे.

पहिली पायरी: तुमचा बूट कुठे झिजणार ते ओळखा

डावा पाय पुढे ठेवून उभं राहणाऱ्यांना रेग्युलर म्हणतात, उजवा पुढे ठेवणाऱ्यांना गूफी. पुढच्या आणि मागच्या पायाची झीज अगदी वेगळी असते, त्यामुळे तुम्ही कोण आहात हे आधी ठरू द्या.

ऑली मारताना मागचा पाय बोर्डाची शेपटी जमिनीवर आपटतो आणि त्याच क्षणी पुढचा पाय आडवा कलून बोर्डाच्या नाकाकडे घासत जातो. हे घासणं होतं बुटाच्या बाहेरच्या कडेने. करंगळीच्या मुळापासून लेसच्या खालच्या दोन-तीन भोकांपर्यंतचा पट्टा ग्रिप टेपवरून ओढला जातो. स्केटर या जागेला ऑलीची जागा म्हणतात. किकफ्लिपमध्ये, म्हणजे बोर्ड हवेत गिरकी घेतो त्या उडीत, बोटांची बाहेरची कड बोर्डाच्या काठावरून झटकली जाते, म्हणजे झीज आणखी पुढे, करंगळीच्या टोकाशी येते. मागच्या पायाचं दुखणं वेगळं असतं. तो जमिनीला रेटतो आणि थांबायचं असेल तेव्हा फरफटतो, त्यामुळे त्याचा तळ चवड्याखाली गुळगुळीत होत जातो.

तुम्ही अजून नुसतं बोर्डवर तोल सांभाळत फिरत असाल, किंवा लाँगबोर्डवर लांब फेऱ्या मारणार असाल, तर ऑलीच्या जागेची फार चिंता नको. तुमच्यासाठी तळ महत्त्वाचा. बोल (वाडग्यासारखा खोलगट खड्डा) किंवा रॅम्पवर खेळणाऱ्यांचीही ग्रिप टेपवरची घासाघीस कमी असते, त्यांना टाचेची गादी आणि घोट्याचं कव्हर जास्त उपयोगी पडतं. आणि रस्त्यावर, पायऱ्यांवर, कट्ट्यांवर फ्लिप शिकणाऱ्यांनी बुटाचा पुढचा बाहेरचा चतकोर डोळ्यांत तेल घालून बघावा.

दुसरी पायरी: वरचं कापड तपासा

कॅनव्हास दिसायला छान, वजनाला हलका, उन्हाळ्यात हवेशीर. पण ग्रिप टेपपुढे त्याचा टिकाव लागत नाही, विणीचा एक धागा तुटला की भोक मोठं होत जातं. गुळगुळीत चामडं बऱ्यापैकी टिकतं, मात्र ते कडक असतं आणि रुळायला वेळ घेतं. या खेळाने शेवटी पसंती दिली ती स्वेडला, म्हणजे लव असलेल्या चामड्याला. त्याचं कारण असं की स्वेड एकदम फाटत नाही. घासलं की त्याची लव जाते, मग थर पातळ होतो, मग कुठे भोक पडतं. शिवाय लवेमुळे ते ग्रिप टेपला थोडं धरतं, ऑलीत बोर्ड वर ओढायला ही पकड कामी येते. काही कंपन्या चामड्याऐवजी कृत्रिम स्वेड वापरतात. त्यातलं चांगलंही असतं आणि कागदासारखं पातळही, बोटांच्या चिमटीत धरून जाडी बघा.

जाळीचं कापड पुढच्या भागात असेल तर तो बूट बाजूला ठेवा. जिभेवर किंवा आतल्या कडेला जाळी चालते, तिथे घासत नाही आणि हवाही लागते.

आता शिवण. बुटाच्या पुढच्या बाहेरच्या भागावर बोट फिरवा. किती टाके लागतात? तिथे शिवण असेल तर कापडाआधी दोरा तुटेल आणि दोरा तुटला की जोड उघडेल. म्हणून चांगल्या स्केट शूचा पुढचा भाग एकाच तुकड्यातून कापलेला असतो, किंवा शिवण असलीच तर दुहेरी-तिहेरी असते आणि ऑलीच्या जागेपासून शक्य तितकी मागे नेलेली असते. हवेसाठी पाडलेली बारीक छिद्रं पुढे असतील तर ती आतल्या, अंगठ्याच्या बाजूला असलेली बरी. करंगळीच्या बाजूची छिद्रं म्हणजे फाटायला आयती सुरुवात.

आत हात घालूनही बघा. काही बुटांत स्वेडच्या खाली रबराचा पातळ थर दिलेला असतो. व्हॅन्स या कंपनीच्या स्केटसाठीच्या बुटांत त्याला ड्युराकॅप म्हणतात. वरचं स्वेड झिजून गेलं तरी मोजा उघडा पडत नाही. माझ्या मते नवशिक्याने पैसे जास्त मोजायचेच असतील तर या थरासाठी मोजावेत, नावाच्या पट्टीसाठी नव्हे.

तिसरी पायरी: तळाची जात ठरवा

इथे थोडा वेळ देऊ, कारण स्केट शूच्या दुनियेतला सर्वांत मोठा भेद हाच आहे. तळ दोन जातींचे असतात, व्हल्कनाइज्ड आणि कपसोल.

शाळेत पी.टी.ला घालायचो ते पांढरे कॅनव्हासचे बूट आठवा. त्यांच्या कडेने रबराची एक पट्टी गुंडाळलेली असायची. व्हल्कनाइज्ड बूट साधारण तसाच बनतो. साच्यावर ओढलेल्या कापडाला खालून कच्च्या रबराचा तळ आणि कडेने पट्टी चिकटवतात आणि सगळा बूट भट्टीत घालतात. उष्णतेने रबर पक्कं होतं आणि जोड घट्ट बसतो. रबर गंधकाबरोबर तापवून पक्कं करण्याची ही युक्ती चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडली, तेव्हा स्केटबोर्ड कोणाच्या स्वप्नातही नव्हता. असा तळ पातळ आणि लवचीक असतो. बोर्ड पायाखाली कसा कलतोय, कडा कुठे आहे, हे चवड्याला थेट जाणवतं. स्केटर याला बोर्ड फील म्हणतात. तोटा असा की टाचेला धक्का जास्त बसतो आणि बूट काही महिन्यांत सैल, मऊ पडतो.

कपसोलमध्ये रबराचा तळ आधीच वाटीसारखा साच्यात ओततात. त्या वाटीत वरचा बूट बसवून चिकटवतात आणि कडेने टाके घालतात. तळाच्या भिंतीवर चारी बाजूंनी गेलेली शिवण दिसली की तो बहुधा कपसोल समजावा. हा जाड, कडक असतो, उंचावरून उतरताना पायाला आधार देतो आणि जास्त टिकतो. सुरुवातीला मात्र तो पायाखाली परका वाटतो, रुळायला आठवडा-दोन आठवडे घेतो, आणि कडेचे टाके ऑलीच्या जागी उसवतात. तिथे आधीच थोडा गोंद लावून ठेवावा, त्याबद्दल पुढे सांगतो.

दुकानात पारख करायची असेल तर बूट दोन्ही हातांत धरून वाकवा. तो चवड्यापाशी, म्हणजे तुमचा पाय जिथे वाकतो तिथे वाकायला हवा. मधोमध दुमडणारा बूट कमरेत मोडलेला असतो, तो आधार देणार नाही.

नवशिक्याने कोणता घ्यावा? यावर स्केटरांत कायम वाद चालतात. माझं मत असं आहे: पहिले काही महिने तुम्ही बोर्डची ओळख करून घेत असता, पायाला बोर्ड समजणं हे तेव्हाचं मुख्य शिक्षण असतं, म्हणून व्हल्कनाइज्ड घ्या. वजन जास्त असेल, टाच किंवा गुडघा आधीपासून दुखत असेल, किंवा तिशी-चाळिशीत सुरुवात करत असाल तर कपसोल घ्या आणि रुळेपर्यंत धीर धरा.

तळाची नक्षीही बघून घ्या. सपाट आणि उथळ खाचांचा तळ हवा, म्हणजे बोर्डावर रबर जास्तीत जास्त टेकतं. पळायच्या बुटांना असतात तशा खोल खाचा, उंच टाच आणि पुढे वर उचललेलं टोक इथे आड येतं. उंच फोमवर उभं राहिलं की बोर्डापासून पाय दूर जातो आणि घोटा डगमगतो. मधाच्या रंगाचे, ज्याला गम सोल म्हणतात ते तळ दिसायला सुंदर असतात आणि त्यांची पकड चांगली असते असा समज आहे. पकड रंगावर ठरत नाही, रबराच्या मिश्रणावर ठरते. नखाने दाबून बघा. थोडं दबून परत वर येणारं रबर चांगलं, प्लॅस्टिकसारखं टणक लागलं तर नको.

हे रूप आलं कुठून

आकार कधी फुगीर, कधी चिंचोळे का होतात ते कळलं की निवड सोपी जाते, म्हणून इथे थोडं इतिहासात डोकावू.

१९६५ मध्ये अमेरिकेत रँडॉल्फ रबर कंपनीने ‘रँडी ७२०’ हा खास स्केटबोर्डसाठीचा बूट काढला. या प्रकारातला तो पहिला मानतात. पुढच्याच वर्षी, १६ मार्च १९६६ रोजी, पॉल व्हॅन डोरेन आणि त्याच्या भागीदारांनी कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइममध्ये कारखाना आणि त्याला लागूनच दुकान उघडलं. तेच पुढचं व्हॅन्स. त्यांच्या डोक्यात स्केटबोर्ड नव्हता, ते होडीवर घालायचे साधे कॅनव्हासचे बूट बनवत होते. पण त्यांचं रबर जाड होतं आणि तळाला वॅफलसारखी चौकटींची नक्षी होती. कॅलिफोर्नियाच्या पोरांना कळलं की हा तळ बोर्डाला धरून ठेवतो. त्या काळी पाय फरफटवून बोर्ड थांबवल्याने एकाच पायाचा बूट आधी संपायचा, आणि व्हॅन्स जोडीतला एकच बूटही विकत असे. स्केटरांची निष्ठा त्यांना अशी मिळाली.

१९७६ मध्ये टोनी अल्वा आणि स्टेसी पेराल्टा या दोन स्केटरांच्या सांगण्यावरून घोट्याभोवती मऊ गादी असलेला ‘एरा’ आला. बुटाच्या रचनेत खेळणाऱ्याचं म्हणणं गेलं ते इथे. १९७७ मध्ये ‘ओल्ड स्कूल’ आला. तोपर्यंत सगळा कॅनव्हासचा असलेला बूट पहिल्यांदा पुढे आणि टाचेला चामड्याने मढवला गेला, कारण कॅनव्हास तिथेच फाटत होतं. बाजूची वळणदार पट्टी त्याच बुटावर पहिल्यांदा दिसली. १९७८ मध्ये घोटा झाकणारा ‘स्केट-हाय’ आला, कारण उलटून येणारा बोर्ड घोट्याच्या हाडावर बसतो. चौकटीची प्रसिद्ध नक्षी मात्र पोरांची. ती बुटाच्या पांढऱ्या रबरी कडेवर पेनाने काळे चौकोन रंगवत होती, ते बघून कंपनीने ती छापायला घेतली.

मला यातली सर्वांत आवडती गोष्ट ‘हाफ कॅब’ची आहे. स्टीव्ह कॅबालेरो या स्केटरच्या नावाने १९८९ मध्ये उंच कॉलरचा बूट निघाला. तोवर खेळ रॅम्पवरून रस्त्यावर उतरला होता आणि घोटा मोकळा हवा होता. पोरांनी कॉलर कात्रीने कापून बूट मध्यम उंचीचा केला आणि कापलेली कड टेपने बांधली. कॅबालेरोने ते पाहिलं, आणि १९९२ मध्ये कंपनीने तसाच अर्ध्या उंचीचा बूट काढला. तो आजही विकला जातो. ग्राहकाने कापून दाखवलेली रचना कंपनीने शिवून दिली.

नव्वदीत स्केटरांनी स्वतःच्या कंपन्या उभ्या केल्या. त्याआधीच, ऐंशीच्या दशकात, फ्रान्समध्ये सुरू झालेल्या एटनीजमागे पिएर आंद्रे सेनिझेर्ग हा फ्रीस्टाइल खेळणारा होता. १९९४ मध्ये केन ब्लॉक आणि डेमन वे यांनी डीसी काढली, १९९९ मध्ये माइक कॅरल आणि रिक हावर्ड यांनी लकाई. या काळात पायऱ्यांवरून मोठ्या उड्या मारायचं वेड वाढलं, पँटी ढगळ झाल्या आणि बूट फुगत गेले. जाड जीभ, हवेच्या पिशव्या, लेस वाचवायला प्लॅस्टिकची कडी. २००० च्या आसपासच्या ‘ओसिरिस डी ३’ मध्ये हे फुगणं टोकाला गेलं. नायकेने २००२ मध्ये एसबी हा स्केटबोर्डिंगचा विभाग सुरू करताना स्वतःचा १९८५ चा बास्केटबॉलचा ‘डंक’ घेतला, त्याची जीभ जाड केली आणि आत झूम एअरची गादी घातली. मग लाट उलटली. २००९ मध्ये नायकेचाच ‘स्टेफान जानोस्की’ आला तो एकदम चिंचोळा, पातळ तळाचा, होडीवरच्या बुटासारखा, आणि काही वर्षं सगळेच सडपातळ बूट घालू लागले. आता ढगळ पँटी परतल्या आहेत आणि फुगीर बूटही.

यातून तुम्ही घ्यायचं ते एवढंच: फुगीर बुटाची गादी उंच उड्यांसाठी आली आणि सडपातळ बुटाचा पातळपणा बोर्ड फीलसाठी. तुम्ही काय खेळणार ते ठरवा, फॅशन फिरून येतेच.

चौथी पायरी: कॉलर, जीभ, लेस आणि आतली गादी

उंच कॉलरने घोटा मुरगळायचा थांबतो असं बरेच पालक समजतात. तसा भरवसा धरू नका. उंच कॉलर घोट्याच्या हाडाला बोर्डाच्या फटक्यापासून वाचवते, आणि नवशिक्याच्या घोट्यावर बोर्ड वारंवार आदळतो, त्यामुळे तिचा उपयोग आहेच. पण आपल्या दमट हवेत ती उकडते आणि घोट्याची हालचाल थोडी आखडते. बुटक्या आणि उंच यांच्या मधला, अर्ध्या उंचीचा बूट ही पहिल्या जोडीसाठी उत्तम तडजोड आहे.

जीभ आत दोन्ही बाजूंना इलॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेली आहे का बघा. नसेल तर ती खेळताना एका बाजूला सरकते आणि लेस पायाच्या वरच्या हाडात रुतते. या पट्ट्या बूट पायाला आवळूनही धरतात.

लेस हा नेहमीचा खर्च धरून चाला. ऑलीत बाहेरच्या खालच्या लेसा घासून तुटतात. पहिली दोन भोकं थोडी आत, कापडाच्या पदराखाली असतील तर लेस जास्त टिकते. गाठ आतल्या बाजूला घ्या, सैल टोकं बुटात खोचा. जास्तीची एक जोडी पिशवीत ठेवलीत तर अर्ध्या खेळातून घरी यावं लागणार नाही.

आतली गादी बाहेर काढून बघायला दुकानदाराची परवानगी मागा. स्वस्त बुटात ती पुठ्ठ्यासारखी पातळ असते. टाचेखाली अंगठा दाबा: दबून हळूहळू वर येणारी गादी धक्का सोसते. एकदम तळाला टेकणारी गादी तुमच्या टाचेलाही टेकू देईल, आणि टाचेच्या हाडाला मुका मार बसला की दिवस दिवस नीट चालता येत नाही. बूट बाकी सगळा उत्तम आणि गादीच वाईट असेल तर बूट घ्या, चांगली गादी वेगळी विकत घेऊन आत घाला. मुळातली गादी काढूनच नवी घालायची, नाहीतर टाच बुटाबाहेर येते.

पाचवी पायरी: पायात घालून बघा

संध्याकाळी जा. दिवसभराने पाय थोडा सुजलेला असतो आणि खेळतानाही तो तसाच असतो. खेळताना घालणार तेच जाड मोजे घालून जा.

पळायच्या बुटात पुढे अंगठ्याएवढी जागा सोडतात. इथे तेवढी नको. बोटं टोकाच्या अगदी जवळ असावीत, पण दुमडलेली किंवा दाबलेली नसावीत. पुढे मोकळी जागा असली की फ्लिप मारताना बुटाचं टोक बोटांच्या आधी लागतं आणि अंदाज चुकतो. दोन्ही पायांत घाला, उकिडवे बसा, चवड्यांवर उभे राहा, एका जागी उडी मारून उतरा. टाच वर निसटते का? करंगळी बाजूने दाबली जाते का? स्वेड आणि कॅनव्हास थोडंफार सैल होतं, त्यामुळे रुंदीला किंचित घट्ट असलेला बूट चालेल. लांबीला आखूड बूट मात्र कधीच मोठा होत नाही.

आपल्याकडच्या खोक्यांवर यूके माप ठळक असतं, परदेशी संकेतस्थळांवर अमेरिकन. पुरुषांच्या बुटात अमेरिकन आकडा यूकेपेक्षा साधारण एकाने मोठा असतो, म्हणजे यूके ८ हा अमेरिकन ९. ऑनलाइन मागवताना सेंटिमीटरचा आकडा धरा. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी मोजा आणि कंपनीच्या तक्त्याशी जुळवा.

लहान मुलांसाठी घेताना ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून एक माप मोठा बूट घेऊ नका. कपड्यांत हा हिशेब बरोबर असेल, बोर्डवर तो मुलाला पाडतो. मुलाचा पाय वाढायच्या आत बूट बहुधा फाटलेलाच असेल.

सहावी पायरी: खरा स्केट शू आणि नुसता तसा दिसणारा

एकच मॉडेल, एकच पट्टी, एकच रंग, पण दोन वेगळे बूट. मॉलमध्ये मिळणारे बरेचसे बूट रोज घालण्यासाठी असतात. व्हॅन्सच्या ‘ओल्ड स्कूल’चीच स्केटसाठीची वेगळी आवृत्ती असते, तिच्यात आतली गादी जाड, स्वेड दणकट, जिभेला पट्ट्या आणि पुढे रबराचा थर. नायकेच्या डंकमध्ये एसबी लिहिलेला वेगळा, साधा वेगळा. खोक्यावरची अक्षरं वाचा, मग मघाच्या सगळ्या परीक्षा घ्या: पुढची शिवण, आतला थर, गादी, जीभ. रोजच्या आवृत्तीवर शिकता येतच नाही असं नाही, ती लवकर संपेल एवढंच.

पैसे हातात कमी असतील तर मी म्हणेन, महागडा ब्रँड राहू द्या. सपाट रबरी तळाचा, पुढे बिनशिवणीचा, स्वेडचा कोणताही साधा बूट घ्या. उरलेले पैसे हेल्मेटवर आणि गुडघ्या-कोपरांच्या पॅडवर घाला. पट्टी नसलेल्या बिनलेसच्या बुटांचा मोह पहिल्या जोडीला टाळा, फ्लिप मारताना ते पायातून उडतात. रंगाचं म्हणाल तर काळं किंवा गडद स्वेड घ्या, घासल्याच्या खुणा आणि गोंदाचे डाग त्यावर कमी दिसतात. एवढ्या चौकटीत बसवून मग आवडेल तो बूट घ्या. आवडणारा बूट पायात असला की मैदानावर जायला पाऊल लवकर उचलतं, हेही मी मनापासून मानतो.

हा खेळ आता आपल्याकडे कोपऱ्यातला राहिलेला नाही. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये तो पहिल्यांदा खेळला गेला, आणि २०२२ च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने स्ट्रीट प्रकारात महाराष्ट्राला सुवर्णपदक मिळवून दिलं. मागणी वाढतेय तसे योग्य बूटही हळूहळू सहज मिळू लागतील.

सातवी पायरी: आयुष्य वाढवा

नवा बूट घरी आल्यावर खेळायच्या आधी पुढच्या पायाच्या बुटावर ऑलीच्या जागेतल्या शिवणींवर आणि कपसोल असेल तर कडेच्या टाक्यांवर गोंदाचा बारीक थर द्या. परदेशात यासाठी शू गू नावाचा रबरी गोंद वापरतात. तो नाही मिळाला तर बूट चिकटवायचा, वाळल्यावर लवचीक राहणारा कोणताही रबरी गोंद चालतो. झटपट चिकटवणारा गोंद दोऱ्यावर थेंबभर ठीक, पण मोठ्या भागावर नको. तो काचेसारखा कडक होतो आणि बूट वाकला की तडकतो.

भोक पडलंच तर आतून चामड्याचा किंवा जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा लावा, वरून रबरी गोंद पसरा, रात्रभर दाबून ठेवा. कोपऱ्यावरच्या मोचीकाकांकडे गेलात तर ते ठिगळ शिवूनही देतील. फक्त त्यांना ही जागा घासणार आहे हे सांगा, म्हणजे ते दोरा आतल्या बाजूने घेतील. लव गेलेल्या स्वेडवरून जुना टूथब्रश कोरडाच फिरवला की ती थोडी उभी राहते.

आपला पावसाळा स्वेडचा वैरी आहे. ओल्या रस्त्यावर खेळूच नका. पाय तर घसरतोच, शिवाय बोर्डाची बेअरिंगही गंजतात. बूट भिजले तर लेसा आणि गादी काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बदला आणि पंख्याखाली सावलीत वाळवा. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवले की स्वेड कडक होतं आणि तळाचा गोंद सुटतो. कोकणात आणि मुंबईत चार महिने बूट नुसते कपाटात ठेवले तरी बुरशी धरतात, म्हणून खोक्याचं झाकण उघडं ठेवा आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून कोरड्या ब्रशने झाडा.

ठिगळावर ठिगळ चालतं, पण काही खुणा दिसल्या की जोडी बदलाच: चवड्याखालचं रबर झिजून आतला थर दिसणं, टाच आत निसटणं, कडेची पट्टी सुटून लोंबणं. अशा बुटाने पाय बोर्डवरून अचानक सरकतो. पुढच्या पायाचा बूट संपला आणि मागचा धड असेल, तर मागच्यातली लेस आणि गादी काढून घ्या. नवी जोडी घेण्याआधी जुना बूट समोर ठेवून नीट बघा. भोक करंगळीच्या टोकाशी असेल तर पुढच्या वेळी तिथे रबराचा थर असलेला बूट शोधा, लेसाच तुटत असतील तर आत दडलेल्या भोकांचा, तळ आधी गेला असेल तर कपसोलचा. दुकानात जाताना तो जुना बूट पिशवीत घालून न्या आणि नव्या बुटाशेजारी ठेवून तुलना करा.